तापलेला मदरबोर्ड आणि कारणाचा प्रश्न

संगणकाचा मदरबोर्ड जुन्या कॅबिनेटमधून काढून नव्यात बसवला आणि तो पूर्वीपेक्षा जास्त तापू लागला, की ‘कॅबिनेट बदलल्यामुळे तापतो’ हे वाक्य आपोआप तोंडी येते. या वाक्यातला एक भाग पाहिलेला असतो आणि एक भाग जोडलेला असतो. कॅबिनेट आधी बदलले, बोर्ड नंतर तापला, एवढे पाहिलेले असते. पहिल्या घटनेने दुसरी घडवली, हे कोणी पाहिलेले नसते. ते कोणत्या आधारावर म्हणायचे, हा दुरुस्तीच्या टेबलावरचा प्रश्न आहे. न्यायदर्शनातही तो केंद्रस्थानी आहे. तिथे त्याची उत्तरे घड्याच्या, धुराच्या आणि कापडाच्या उदाहरणांनी दिलेली आहेत आणि ती मदरबोर्डला जशीच्या तशी लागू पडतात.

पांढुर्णा आणि सौंसर या मध्य प्रदेशातल्या मराठीभाषक तहसिलींत हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात या दोन्ही तहसिली येतात. इथली पिके संत्रा आणि कापूस, उन्हाळा नागपूरसारखा. एमपी ऑनलाइनच्या केंद्रांत खसऱ्याच्या नकला, परीक्षांचे अर्ज आणि दाखले यांसाठी संगणक सकाळी सुरू होतो तो रात्री शटर ओढेपर्यंत चालू असतो. मेमधल्या दुपारी पारा ४२ अंशांच्या वर जाणे इथे नेहमीचे. उष्णतेचे कारण शोधायला याहून कठीण जागा सापडणे अवघड, कारण इथे उष्णता सगळीकडूनच येत असते.

मदरबोर्डच्या पोटात जाणारी वीज जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती मुख्यतः तीन ठिकाणी निर्माण होते: प्रोसेसरमध्ये, प्रोसेसरला लागणारा कमी दाबाचा प्रवाह तयार करणाऱ्या व्हीआरएम या भागात आणि चिपसेटमध्ये. कॅबिनेटमध्ये १०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा आतून बाहेर जावी लागते. हवा निम्मी झाली की फरक २० अंशांचा होतो. बोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे ही चिंता फुकाची नाही.

पण कारणाच्या आधी कार्य सिद्ध व्हायला हवे. बोर्ड तापतो हे कळले कशाने? बहुतेक वेळा पडद्यावर एखादे सॉफ्टवेअर आकडा दाखवते. बोर्डवरच्या एका चिपला तापमापकांसाठी अनेक तोंडे असतात आणि त्यांतली काही कशालाही जोडलेली नसतात. सॉफ्टवेअरला ते ठाऊक नसते. ते रिकाम्या तोंडाचाही आकडा छापते, कधी १२७ अंश, कधी शून्याच्या खाली. दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. कॅबिनेट बदलल्यावर काळजीपोटी तापमान पाहण्याचे सॉफ्टवेअर पहिल्यांदाच टाकलेले असते. तेव्हा उष्णता जुनीच असते, नवे असते ते उष्णतेचे ज्ञान.

ज्ञानावर विश्वास कधी ठेवावा, याबद्दल मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ज्ञान स्वतःच प्रमाण मानले जाते. दुसऱ्या ज्ञानाने ते खोडले जाईपर्यंत किंवा ज्या साधनाने ते झाले त्यात दोष सापडेपर्यंत ते खरे धरायचे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपण बाहेरून ठरते: त्यानुसार केलेली कृती फळाला आली की ज्ञान खरे. सकाळी थंड यंत्र सुरू करताच १२७ दाखवणारा आणि दिवसभर तिथेच थांबलेला आकडा दोन्ही पक्षांना नामंजूर होईल, कारण साधनच सदोष आहे. वाद होईल तो ७८ अंशांवर. मीमांसक तो मानून पुढे जाईल. नैयायिक यंत्र बंद करून, प्लग काढून, हीटसिंकला बोट लावील. गंमत अशी की यंत्राच्या आत मीमांसकाला जागा दिलेली आहे. प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेला पोचला की, आणि अनेक प्रोसेसरांत ती १०० अंशांच्या आसपास असते, तो पडताळा न घेता स्वतःची गती कमी करतो किंवा यंत्र बंद पाडतो. रक्षणासाठी मीमांसकाची घाई बरोबर आहे. निदानासाठी मात्र ती चालत नाही.

कार्य सिद्ध झाले, की कारणाची व्याख्या पुढे येते. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला ‘तर्कसंग्रह’ हा न्यायाचा सर्वांत चालणारा पाठ्यग्रंथ आहे. अथल्ये आणि बोडस यांची १८९७ मधली मुंबईची आवृत्ती महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. या परंपरेत कारण ठरायला तीन अटी आहेत. ते कार्याच्या आधी असावे, नियमाने आधी असावे आणि ते अन्यथासिद्ध, म्हणजे कार्याच्या दृष्टीने फालतू, नसावे. पहिली अट काकतालीय योगायोगही पुरी करतो. मराठीत त्यालाच कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतात. दुसरी अट त्याला बाहेर काढते. तरीही तिसरीची गरज उरते, कारण नियमाने आधी असणाऱ्या पुष्कळ गोष्टी कारण नसतात.

त्यासाठी नैयायिक कुंभाराकडे जातात. चाक फिरवणारा दांडा घड्याचे कारण आहे. दांड्याचा रंग नाही, जरी तो दांड्याबरोबर नेमाने हजर असला तरी. कुंभार कारण आहे, कुंभाराचा बाप नाही. माती वाहून आणणारे गाढवही नाही, मग या घड्यासाठी ते प्रत्यक्ष राबलेले का असेना. विश्वनाथ पंचाननांनी अशा अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले. त्यांतले गाढव विद्यार्थ्यांच्या जन्मभर लक्षात राहते. सौंसरच्या दुकानात ही यादी अशी लागते: नव्या कॅबिनेटमधले रंगीत दिवे म्हणजे दांड्याचा रंग, ते विकणारा दुकानदार म्हणजे कुंभाराचा बाप आणि नागपूरहून ते आणणारी बस म्हणजे गाढव. ‘नागपूरचा माल आणला तेव्हापासून त्रास’ हे वाक्य गाढवाला घड्याचे कारण ठरवते.

आता खुद्द कॅबिनेट कुठे बसते? ते कारण आहे की तेही गाढवच? इथे प्रश्नाची सगळी अडचण एका नावात दडलेली आहे. ‘कॅबिनेट बदलले’ ही एक घटना नाही. ते एका गठ्ठ्याला दिलेले नाव आहे, आणि असा गठ्ठा सहसा कारण नसतो, त्यातली एखादी गाठ असते. गठ्ठा सोडून पाहिला तर त्यात निदान इतके निघते. बोर्डचे स्क्रू सुटले, बोर्ड हातात धरून उचलला, तेव्हा तो थोडा वाकला. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला चार पिना असतात. त्यांतली एक या वाकण्याने सैल होऊ शकते, आणि मग हीटसिंक प्रोसेसरवर तिरका टेकतो. कूलर काढला असेल तर मधली थर्मल पेस्ट फाटली. जुनीवरच पुन्हा बसवला असेल तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्या. पंख्यांच्या वायरी काढल्या आणि लावल्या. एखादा पंखा बायॉसमधल्या दुसऱ्याच तापमानाशी बांधलेल्या जागी लागला. बोर्डखाली पितळी स्टँडऑफ बसवले, आणि बोर्डला भोक नाही अशा जागी एखादा जास्तीचा राहिला, तर तो मागच्या वाटांना टेकतो. अशा वेळी बहुधा यंत्र सुरूच होत नाही, क्वचित सुरू होऊन एखादा भाग भलताच तापतो. नवे पंखे बसले, त्यांतला एखादा उलटा. समोर जाळीऐवजी काच आली. वायरी प्रोसेसरच्या पुढून गेल्या.

या यादीतल्या अर्ध्या गोष्टींचा नव्या कॅबिनेटशी काहीही संबंध नाही. बोर्ड काढून त्याच जुन्या कॅबिनेटमध्ये परत बसवला असता तरी सैल पिन आणि फाटलेली पेस्ट तशीच झाली असती. त्या वेळी कारण आहे ते बदलण्याच्या क्रियेत, बदललेल्या वस्तूत नाही. ही दोन कारणे एका वाक्यात मिसळली की दुसरे, मोठे कॅबिनेट विकत घेतले जाते आणि बोर्ड तसाच तापत राहतो: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुरुस्तीच्या धंद्यात सर्वांत जास्त पैसा बहुधा या एका गोंधळावर वाया जातो.

गाठ कोणती ते आकड्यांच्या ठेवणीवरून बरेचदा ओळखता येते. फक्त प्रोसेसर तापला आणि बाकी बोर्ड पूर्वीसारखाच असेल, तर कूलर नीट बसलेला नाही. प्रोसेसर, चिपसेट, डिस्क सगळे मिळून सारख्याच अंशांनी चढले असतील, तर हवा अडली आहे. प्रोसेसर थंड आणि व्हीआरएम गरम असेल, तर बदलाच्या निमित्ताने कूलरही बदलला असणार. खाली हवा फेकणारा जुना कूलर प्रोसेसरबरोबर आजूबाजूचे भागही निववत असतो. आडवी हवा फेकणारा उंच कूलर किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरची सेवा अधिक चांगली करतो आणि शेजाऱ्यांना विसरतो.

सर्वांत अवघड कारण मात्र असे असते की ते दिसण्यासारखे काही नसतेच. पूर्वीच्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय वरच्या बाजूला, प्रोसेसरच्या जवळ असे. त्याचा पंखा स्वतःला थंड ठेवता ठेवता बोर्डवरची गरम हवा ओढून मागे टाकी. अलीकडच्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय तळाशी, झाकणाखाली असतो आणि खालूनच आपली हवा घेतो. पॉवर सप्लायच्या दृष्टीने ही रचना चांगली आहे. मागच्या पंख्याची जागा रिकामी ठेवून विकलेल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये मात्र बोर्डची हवा बाहेर काढणारे कोणीच उरत नाही. नव्या पेटीत दोषी शोधणाऱ्याला एकही वस्तू सापडत नाही, कारण दोष एका वस्तूच्या नसण्यात आहे.

नसणे हे कारण होऊ शकते का? याच्यावर मीमांसक आणि नैयायिक पुन्हा समोरासमोर आले. त्यांचे उदाहरणही अग्नीचेच होते. एक विशिष्ट मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही, मणी दूर केला की जाळतो, असे दोघेही गृहीत धरत. मीमांसक म्हणत, अग्नीत दाहशक्ती नावाचे काही आहे आणि मणी ते नाहीसे करतो. नैयायिकांना ही अदृश्य शक्ती नको होती. अग्नी आहे, इंधन आहे आणि प्रतिबंध करणाऱ्याचा अभाव आहे, एवढे मिळून जळणे होते. प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणांतलाच एक, असे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मांडले. मण्याची गोष्ट खरी असो की नसो, युक्तिवाद टिकाऊ आहे. जुन्या पॉवर सप्लायचा पंखा उष्णता साचू देत नव्हता. तो गेला. नवे काहीही तापवत नाही. जे आधीपासून तापवत होते त्याला आता अडवणारे नाही.

अभावाबद्दल नैयायिकांचा आणखी एक नियम कारागिराच्या थेट उपयोगाचा आहे. अभाव कळायला ज्याचा अभाव आहे ती वस्तू, म्हणजे प्रतियोगी, आधी माहीत असावी लागते. घडा कधीच न पाहिलेल्या माणसाला जमिनीवर घडा नसल्याचे दिसत नाही. ज्याने जुने कॅबिनेट पाहिले नाही त्याला नव्यातली उणीव दिसणार नाही. म्हणून तक्रारीचे यंत्र आणताना जुनी रिकामी पेटीही दुकानात न्यावी.

आणि तरीही कॅबिनेट पूर्ण निर्दोष असू शकते. न्यायात ज्याला उपाधी म्हणतात ती इथे आड येते. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरे, पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खोटे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. चुलीत अग्नीबरोबर धूर दिसतो तो ओल्या लाकडामुळे. हे ओले लाकूड म्हणजे उपाधी: कार्याला नेहमी चिकटलेली, ज्याला कारण समजलो त्याला नेहमी न चिकटलेली, आणि बघणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट. पांढुर्ण्यात मदरबोर्डची सर्वांत मोठी उपाधी पंचांगात असते. होळीच्या सुमारास कॅबिनेट बदलले आणि नवतप्यात, २५ मेच्या पुढच्या नऊ दिवसांत, यंत्र बंद पडू लागले, तर मधल्या काळात खोलीच बदललेली आहे. काम तेवढेच आणि पंखे तेवढेच असले की बोर्ड आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. तो ३५ अंश असेल, तर २५ अंशांच्या खोलीत बोर्ड ६० दाखवील आणि ४३ अंशांच्या खोलीत ७८. यात कॅबिनेटने काही केलेले नाही. म्हणून तापमान नुसते लिहून ठेवणे निरुपयोगी आहे. शेजारी खोलीचे तापमानही लिहिले पाहिजे. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे का, आणि मोजताना तो चालू होता का, हेही त्यातच आले. कूलरसमोर काढलेला सकाळचा आकडा आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काढलेला दुपारचा आकडा यांची तुलना होत नाही.

दुसरी स्थानिक उपाधी कापसाची. दिवाळीनंतर कापूस बाजारात येतो आणि जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत तंतू हवेबरोबर फिरतात. ते हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर धरतात. हा दोष काळाच्या चालीवरून ओळखू येतो. कॅबिनेटमुळे वाढणारी उष्णता पहिल्याच दिवशी दिसते. तंतूंमुळे वाढणारी आठवड्यांमागून आठवडे चढत जाते. जाळीदार पुढा असलेले नवे कॅबिनेट हवा जास्त घेते आणि मागे बारीक गाळणी नसेल तर तंतूही जास्त घेते. तेव्हा कॅबिनेट आणि कापूस दोघेही भागीदार.

उपाधी वगळायची तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासावे लागतात: कारण असताना कार्य असते आणि कारण नसताना नसते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरील ग्रंथात जवळपास हेच संमती आणि भेद यांच्या पद्धती म्हणून सांगितले. मदरबोर्डवर ते करून पाहणे सोपे आहे. त्याच खोलीत, त्याच वेळी, तेच काम देऊन अर्धा तास आकडे बघावेत. मग फक्त बाजूचे पत्र्याचे झाकण काढावे, आणि दुसरे काहीही करू नये. तापमान भराभर उतरले तर हवा अडत होती. जैसे थे राहिले तर कॅबिनेटचा संशय मावळला आणि नजर कूलरकडे गेली. झाकण काढल्यावर उलट किंचित वाढलेही असेल. पंख्यांनी जमवलेला हवेचा झोत मोडल्याने असे होते आणि त्यातूनही कॅबिनेटची रचना ठीक आहे एवढे कळते. यापुढची कसोटी म्हणजे बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर चालवणे. तिथेही तापला तर नवे कॅबिनेट कुंभाराचे गाढव ठरले. उघड्यावर निवला आणि जुन्या पेटीत परत ठेवल्यावरही निवांत राहिला, तर नवी पेटी दोषी ठरते.

प्रत्यक्षात घडते ते वेगळे. पेस्ट नवी लावली जाते, पंखा वाढवला जातो, झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला जातो आणि हे सगळे एकाच संध्याकाळी. यंत्र निवते, गिऱ्हाईक खूश होते. कृती सफळ झाली, ज्ञान मात्र झाले नाही. पुढच्या वेळी तेच यंत्र तापले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुकानाच्या हिशेबाने हे परवडत असेल. कारण जाणण्याचा दावा मात्र अशा दुरुस्तीला करता येत नाही.

चार्वाक इथे हसतील. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त त्यांचा आक्षेप नोंदलेला आहे: कितीही उपाधी वगळल्या तरी न दिसलेली एखादी उरली नाही हे कोण सांगणार? मग कार्यकारणाचा नियम कधीच सिद्ध होत नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येऊन म्हटले, की कारणात आणि कार्यात बंधन दिसत नाही, दिसतो तो फक्त क्रम, आणि बंधन मनाच्या सवयीने घातलेले असते. या आक्षेपाला तर्काने संपवता येत नाही हे कबूल करायला हवे. उदयनांनी त्याला वर्तनाने उत्तर दिले: संशय तिथपर्यंतच चालतो जिथपर्यंत तो संशय घेणाऱ्याच्याच कृतीला खोटे पाडत नाही. धुरासाठी अग्नी पेटवणारा माणूस अग्नी हे धुराचे कारण नाही असे गंभीरपणे म्हणू शकत नाही. श्रीहर्षांनी ‘खंडनखंडखाद्या’त या उत्तरावरही हल्ला चढवला आणि वाद पुढे गेला. तरी पंख्याने हवा हलते याबद्दल शंका व्यक्त करता करता पंख्याचे बटण दाबणाऱ्याबाबत उदयनांचे म्हणणे पुरेसे आहे.

आता धर्माचा भाग. दसऱ्याला, खंडेनवमीला हत्यारे आणि यंत्रे पुजली जातात. संगणकालाही हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. नवे यंत्र मुहूर्तावर घेतले जाते. ते तापू लागले की दृष्ट लागली किंवा वेळ चुकली असेही म्हटले जाते. हे म्हणणे न्यायाच्या बाहेरचे नाही. न्याय-वैशेषिक दर्शन अदृष्ट मानते. केलेल्या कर्माचा धर्म-अधर्मरूप ठेवा आत्म्यात राहतो आणि पुढे फळ देतो. उदयनांनी तर ईश्वराच्या अस्तित्वासाठीच ग्रंथ लिहिला. पण याच दर्शनांत एक शिस्त आहे: दिसणारे कारण पुरत असेल तिथे न दिसणाऱ्याची कल्पना करायची नाही. वैशेषिकसूत्रांत सुई चुंबकाकडे सरकते ती अदृष्टामुळे, असे सांगितले आहे, कारण त्या काळी दिसणारे कारण हाती नव्हते. आज ते हाती आहे, आणि कॅबिनेटमधला प्रत्येक पंखा चुंबकावरच फिरतो. अदृष्टाची हद्द दृष्टाच्या वाढीबरोबर मागे सरकली, आणि त्यात वैशेषिकांचा काही तोटा झाला नाही. हारापुरते बोलायचे तर पुढच्या जाळीवर दोन दिवस राहिलेला झेंडूचा हार हवा अडवतो, हे पूर्णपणे दृष्ट कारण आहे.

सौंसर तहसिलीतच जामसावळी येथे निजलेल्या मुद्रेतल्या हनुमानाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. दुखण्यातून उठण्यासाठी दूरदूरचे लोक तिथे येतात. नवस बोलला, नंतर गुण आला, म्हणून नवसामुळे आला, या विचारावर कॅबिनेटवाल्या वाक्यासारखाच आक्षेप घेता येईल, आणि तो अनेकदा घेतला जातो. दोन्हींत एक फरक मात्र राहतो आणि तो निर्णायक आहे. नवस न बोललेला तोच माणूस, त्याच दुखण्यात, त्याच दिवशी पुन्हा उभा करता येत नाही; व्यतिरेक तपासायला जागाच नसते. म्हणून तिथे सिद्धीही होत नाही आणि खंडनही. श्रद्धा त्या मोकळ्या जागेत उभी असते आणि तिला तिथे राहू द्यायला हरकत नाही. मदरबोर्ड मात्र जुन्या कॅबिनेटमध्ये परत ठेवता येतो. जिथे परत ठेवता येते तिथे दृष्ट लागल्याचे बोलणे हा श्रद्धेचा विषय नाही, आळसाचा आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवे दैव. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. आत्म्याच्या दृष्टीने शरीर म्हणजे टाकून दुसरे घ्यायचे वस्त्र, असे दुसऱ्या अध्यायात म्हणणारी गीता कर्माची कारणे मोजताना शरीराला पहिले स्थान देते. यात विरोध नाही, प्रश्न वेगळे आहेत. बोर्ड तोच राहिला का, हे विचारले तर कॅबिनेट हे नुसते वस्त्र. बोर्ड असा का वागतो, हे विचारले तर कॅबिनेट हे अधिष्ठान, आणि त्याला हिशेबात घ्यावेच लागते. पाच असताना एकालाच कर्ता धरणाऱ्याला नीट दिसत नाही, असे गीता पुढे सांगते. नवव्या शतकात काश्मीरच्या जयंत भट्टांनी ‘न्यायमंजरी’त ज्ञानाच्या बाबतीत असेच म्हटले: साधन म्हणायचे ते कोण्या एका घटकाला नाही, सगळ्यांच्या एकत्र येण्याला, सामग्रीला.

सामग्रीचे उदाहरण दूर शोधायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, एकाचे डोके फुटते, तेव्हा दगड कोणाचा हे कदाचित सांगता येईल. पण नदीच्या पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावरचा झेंडा, दोन्ही काठांवरची गर्दी आणि तिथी यांतले काही वगळून कारण सांगता येत नाही. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी लोक दगडांकडेच वळले. एक घटक बदलला, बाकीची सामग्री जागच्या जागी होती.

सामग्रीतले घटक समान नसतात आणि सगळे हाताशीही नसतात. मदरबोर्डच्या बाबतीत पिन, पेस्ट, पंख्याची दिशा आणि मागची रिकामी जागा ही माणसाच्या हातातली कारणे आहेत. ती याच क्रमाने तपासावीत, कारण पहिली दोन फुकटात किंवा थोडक्या पैशांत दुरुस्त होतात. दैवाच्या जागी उरते ती बाहेरची हवा. पंख्याने थंड होणारे कोणतेही कॅबिनेट, कितीही महागाचे असले तरी, बोर्डला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ४४ अंशांच्या खोलीत बोर्ड तापत असेल आणि वरचे सगळे तपासून झाले असेल, तर तिसरे कॅबिनेट घेण्यात अर्थ नाही. दुपारी १ ते ५ या वेळेत खोलीतला कूलर चालू ठेवावा, नाहीतर संगणक बंद ठेवावा.